पाण्याचा त्रास

तुरीची डाळ तीन शिट्ट्यांत मऊ शिजली आणि मला भीती वाटली. कुकरचं झाकण काढून मी पळी फिरवली, तर दाणा न् दाणा विरघळलेला. या घरात राहायला आल्यापासून डाळ अशी कधी शिजली नव्हती. बोअरिंगच्या खाऱ्या पाण्यात ती कितीही शिट्ट्या खाऊन तशीच टणक राहायची. मग चिमूटभर सोडा घाला, भिजत ठेवा, टँकर येऊन गेला असेल तर त्यातलं एक भांडं डाळीसाठी लपवून ठेवा. आता पाइपाचं गोडं पाणी येऊन महिना होत आला होता, तरी सवयीने मी सोडा घालतच होते; आज पहिल्यांदाच तो विसरला. डाळ सुधारली होती, चहा नासायचा थांबला होता, बादल्यांवरचा पांढरा थर गेला होता, आणि मी मात्र गॅससमोर उभी राहून, कुणी बघत नाही ना याची खात्री करत, साडीच्या निऱ्यांवरून स्वतःला खाजवत होते. डाळीला जे होत होतं ते पाण्याने होत होतं, हे सिद्ध झालं. मग मला जे होत होतं ते कशाने? हा प्रश्न मी डाळीकडे बघत मनाशी विचारला. डाळीचा काही दोष नव्हता. मी तिला हिंग-जिऱ्याची फोडणी दिली, वर कोथिंबीर घातली आणि गुणवंतांचं पान वाढलं.

गुणवंत म्हणजे माझे यजमान. तोंडावर मी त्यांना जन्मात नावाने हाक मारलेली नाही, सगळा संसार ‘अहो’वर झाला, पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी झाल्यामुळे ज्याचं त्याचं नाव स्पष्ट घ्यायची सवय लागली आहे, तेव्हा मनातल्या मनात ते गुणवंतच. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. “अशी डाळ आपल्या लग्नातसुद्धा नव्हती,” ते म्हणाले. “लग्नात वरण होतं,” मी म्हटलं. “तेच ते. पाण्याचा गुण आहे हा, गिरिजा, पाण्याचा!” आणि त्यांची छाती अशी फुगली, जणू पाणी पाइपातून नव्हे, त्यांच्या खिशातून आलं असावं. तसं ते काही फार खोटंही नव्हतं. गोदीतल्या ऑफिसातून रिटायर झाल्यावर लोक देवळात जातात, भजनी मंडळात जातात. आमचे गुणवंत पाण्यामागे लागले. सोसायटीचे सेक्रेटरी पंढरीनाथ आणि हे, अशी जोडी. अर्ज, सह्या, हंडे घेऊन मोर्चे, साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून काढलेल्या दुपारी. डबा मीच भरून द्यायची. आणि या सगळ्याच्या मुळाशी, आमच्या पूनम सागर सोसायटीच्या शेकडो कुटुंबांच्या भल्याच्याही आधी, मी होते. ‘इथल्या पाण्याने मला खाज सुटते,’ असं मी त्यांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. कुठे, म्हणून त्यांनी विचारलं, मी म्हटलं अंगाला, आणि त्यांनी माझा हात उलटापालटा करून बघितला. हातावर काही नव्हतं. तरी त्या दिवसापासून त्यांनी मनावर घेतलं. आता घास हातात तसाच धरून, आवाज खाली आणून ते विचारत होते, “आणि तुझा तो त्रास? गेला ना पूर्ण?” महिनाभर रोज विचारत होते, तेही इतक्या आशेने, जणू परीक्षेचा निकाल लागायचा आहे आणि पास कोण होणार ते त्यांना आधीच ठाऊक आहे. “गेला,” मी म्हणाले. रोज हेच म्हणत होते. माणसाने आपल्यासाठी एवढं पाणी आणलं, त्याला ‘नाही’ कसं म्हणायचं?

आम्ही मिरा रोडला आलो तेव्हा सत्त्याऐंशी साल होतं. बिल्डिंगी नव्या कोऱ्या, रस्ते अजून यायचे होते, आणि गच्चीवर गेलं की लांबवर मिठागरांतले मिठाचे पांढरे ढीग चमकायचे. जमिनीखालचं पाणीही त्याच जातीचं. सगळे मुंबईहून आलेले, मुंबईच्या नळाच्या पाण्यावर वाढलेले. तेव्हा इथे आल्यावर ज्याचं जे बिघडलं ते पाण्याने बिघडलं, यावर सबंध बिल्डिंगचं एकमत होतं. केस गळतात, पाण्याने. मुलांना सर्दी, पाण्याने. नवरा चिडचिड करतो, पाण्याने. आमच्या वरच्या मजल्यावर पिंकी राहते, जालंधरची, घरातच ब्यूटी पार्लर चालवते. ती म्हणायची, “गिरिजाआंटी, ये पानी तो अच्छी-भली शादी तुड़वा दे.” गच्चीवर पापड वाळत घालताना प्रत्येकीने आपापली तक्रार सांगितली, तशी मीही सांगितली, ‘मला पण पाण्याचा त्रास आहे.’ कसला, म्हणून कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं आणि त्या आठवड्यात मला केसांच्या तेलाच्या तीन बाटल्या मिळाल्या. मी तिन्ही वापरल्या. केस खरोखरच छान झाले. एकट्या गोदूबाईला हे पटत नव्हतं. ती जवळच्याच नवघर गावची, सकाळी मासळीची टोपली घेऊन यायची. आम्ही पाण्याला नावं ठेवली की तिला तो आपल्या गावाचा अपमान वाटायचा. “जलमल्यापासून ह्याच हिरीचं पानी पितूं आमी,” बोंबील मोजता मोजता ती म्हणायची, “आमाला काय झालं न्हाय. पान्याला तोंड न्हाय, म्हून समदे त्यालाच बोलतात.” आम्ही हसायचो. गोदूबाईची कातडी निराळी, आमची निराळी, असं आम्हाला खरंच वाटायचं.

आता मागे वळून बघताना माझं मलाच नवल वाटतं, की पाण्याला दोषी धरून ठेवायला मी केवढी अक्कल खर्च केली. मधे एकदा भावाकडे संगमेश्वरला गेले होते. आमच्या मागच्या दारची विहीर, पाणी असं की प्यायल्यावर जिभेला गोडी राहते. आठवडाभर त्या पाण्याने नहाले आणि आठवडाभर खाज होतीच. दुसरी कुणी असती तर तिला शंका आली असती. मी काय ठरवलं? मिरा रोडचं पाणी अंगात मुरलंय, ते उतरायला वेळ लागणार. परत येताना बसमध्ये बसून मी हे स्वतःला पटवून दिलं आणि समाधानाने शेंगदाणे खाल्ले. खोबरेल लावलं, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी केलं, तुरटी फिरवली, मग तुरटीनेच वाढलं म्हणून तुरटी सोडली. एकदा एका डॉक्टरकडेही गेले. पुरुष डॉक्टर, टेबलापलीकडे. ‘इथे खाली खाज सुटते,’ म्हणताना मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते आणि तेही पेपरवेटकडेच बघत होते. त्यांनी गजकर्णाची ट्यूब लिहून दिली, दोघांचीही सुटका झाली. आणि मी कोण, तर एक्स्चेंजमध्ये लोकांची बाळंतपणं, मयतं, मोडलेली लग्नं यांचे ट्रंक कॉल जोडून देणारी बाई. लाइन खराब असली की निरोप मलाच ओरडून सांगावा लागायचा. ‘वडील वारले, ताबडतोब निघा’ हे मी कोल्हापूरच्या एका अनोळखी माणसाला आवाज न हलवता सांगितलेलं आहे. दुसऱ्यांचं सगळं माझ्या घशातून जायचं. माझं स्वतःचं एवढंसं काही होतं, त्याला मात्र लाइन मिळत नव्हती.

पण पाणी आलं तो दिवस काय दिवस होता! सकाळपासून गच्चीवर माणसं. पंढरीनाथांनी टाकीपाशी नारळ फोडला, बायकांनी पाइपाला हळदकुंकू वाहिलं, कुणी तरी त्या पाइपाला हारही घातला. आणि मग आतून आधी नुसताच खाकरल्यासारखा आवाज आला, दोन पिचकाऱ्या उडाल्या, आणि धो धो पाणी. गुणवंतांनी ओंजळ धरली, प्यायले, आणि तिथल्या तिथे रडले. पंढरीनाथांनी त्यांना मिठी मारली, दोघे म्हातारे ओलेचिंब. खाली पार्किंगमध्ये पोरं चड्डीवर नाचत होती. पिंकीने जिलब्या आणल्या. आणि भर दुपारी सबंध बिल्डिंग आंघोळीला बसली. आमच्याकडे सगळ्या मजल्यांचे बाथरूम एकाच डक्टवर उघडतात, एकाची कुजबुज दुसऱ्याला ऐकू जाते, म्हणून एरवी लोक आंघोळही दबकून करतात. त्या दिवशी त्या डक्टमधून नुसती गाणी वर-खाली चालली होती. कुणी पंजाबी, कुणी गुजराती, तळमजल्यावरचे पंढरीनाथ आरती म्हणत होते. मी दार लावून घेतलं आणि साबण अंगाला लावला. फेस आला. खाऱ्या पाण्यात साबणाचा नुसता चोथा व्हायचा, फेस मी विसरूनच गेले होते. मानेवर फेस, पोटावर फेस, मांड्यांवर फेस; मी बादलीवर बादली घेतली, मोजली नाही, आणि मोठ्याने हसले. सगळं धुऊन निघतंय, सगळं जातंय, असं शरीराला कळत होतं. पुढचे काही दिवस खाज गेलीही. खरंच गेली होती, की आनंदात मला तिकडे लक्ष द्यायला सवड नव्हती, कुणास ठाऊक. मग एके दिवशी देवाला फुलं वाहताना ती परत आली, तिथेच, डावीकडे. मी तिला म्हटलं, थांब, उतरतंय अजून. आणि मग ती डाळ शिजली.

डाळीच्या दुसऱ्या दिवशी गुणवंत जेवून गच्चीवर गेले. टाकीत पाणी किती चढलं ते बघायला ते रोज जात, पाळण्यात डोकावावं तसे. मी दाराला आतून कडी घातली, त्यांचा दाढीचा गोल आरसा घेतला आणि खिडकीपाशी, जिथे ऊन येतं तिथे, पलंगावर बसले. आरशाला दोन बाजू, एकीकडून जसंच्या तसं दिसतं, दुसरीकडून मोठं. आधी मी साधी बाजू धरली, तर कपाटच दिसलं, मग छत दिसलं, मग पंखा. मला हसू यायला लागलं. एकोणसाठ वर्षांची बाई, दोन मुलं याच वाटेने जगात आणलेली, पराग तर उलटा आला होता, आणि माझी न् या जागेची अजून नजरानजर नव्हती. लाज कुणाची वाटत होती? घरात मी आणि आरसा. मग दिसलं. मला वाटलं होतं लाल, खाजवून खाजवून सोललेलं असेल. तसं नव्हतं. कातडी पांढरी पडली होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि चकचकीत, काही ठिकाणी तर घड्याच नाहीशा होऊन सपाट झालेल्या. आणि डावीकडे, जिथे बोट नेहमी जायचं तिथे, डाळीच्या दाण्याएवढं काहीतरी उंच. आरसा उलटा केला. बोट लावलं. टणक होतं, दुखत नव्हतं. मी घाबरले. खूप घाबरले, आणि आरसा पलंगावर पालथा टाकला. पण गंमत अशी, की त्या घाबरण्याच्या तळाशी एक मोकळेपणाही होता. इतकी वर्षं मी पाण्याशी भांडत होते, आता ज्याच्याशी भांडायचं ते समोर आलं होतं. साडी नीट करून मी आरसा साबणाने स्वच्छ धुतला आणि जागच्या जागी ठेवला. संध्याकाळी त्याच आरशात बघून गुणवंतांनी मिशा कातरल्या.

पिंकीकडे मी दुपारी गेले, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. तिने मला खुर्चीवर बसवलं, म्हणाली, “आंटी, आज आयब्रो कर ही देती हूँ आपकी,” आणि दोऱ्याचं टोक दातांत धरून माझ्यावर वाकली. डोळे मिटून पापण्या ताणून धरल्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता. म्हणूनच बहुधा बोलता आलं. आणि हिंदी होती म्हणून. मराठीत तोंड उघडलं असतं तर आई, मावश्या, संगमेश्वरच्या सगळ्या बायका येऊन उभ्या राहिल्या असत्या. हिंदीत माझं कुणी नातेवाईक नाही. “पिंकी, मुझे वहाँ नीचे सफ़ेद हो गया है. सात साल से खुजली है. और एक गाँठ जैसा है.” दोरा थांबला. “वहाँ?” “वहाँ.” तिने दातांतून दोरा काढला. “आंटी, ये पानी का नहीं है.” “पता है,” मी म्हटलं, “दाल पक गई.” तिला अर्थातच काही कळलं नाही, मी तिला डाळीचं सगळं सांगितलं, आणि आधी ती हसली, मग मी, मग ती एकदम रडायला लागली आणि मलाच तिची समजूत काढावी लागली. डोळे पुसून म्हणाली, “मैं रोज़ औरतों के बाल निकालती हूँ, आप मुझसे शरमाती थीं?” मग तिने माझी दुसरी भुवई पूर्ण केली, कारण एकच कोरलेली घेऊन डॉक्टरकडे जाणं बरं दिसलं नसतं.

मिरा रोडलाच बेव्हर्ली पार्कात डॉ. आशांचा दवाखाना होता, तिथे मला पिंकीच घेऊन गेली. बाई माझ्याहून लहान, आवाज ठणठणीत. पडद्यामागे त्यांनी दिवा लावून बघितलं, आणि मी छताकडे बघत विचार करत होते, की या महिन्यात मला पाहणाऱ्या या दुसऱ्या, पहिली मीच. त्यांनी जागा बधिर करून त्या दाण्याचा छोटा तुकडा काढला. मग समोर बसवून म्हणाल्या, “आजी, तपासणीचा निकाल आल्याशिवाय नाव घेणार नाही. पण कॅन्सर असू शकतो.” पिंकीने माझा हात धरला. मी म्हटलं, “असेल तर कसला? किती जाती असतात त्याच्या? मला सगळं सांगा. लाइन कुठून येते न् कुठे जाते ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.” त्यांना ते आवडलं असावं. म्हणाल्या, तिथला कॅन्सर मुळातच कमी बायकांना होतो, आणि झाला तर बहुतेक वेळा वरच्या कातडीचा, चपट्या पेशींचा. तो तिथल्या तिथे हळूहळू वाढतो, म्हणून लवकर सापडला तर काढून टाकता येतो. काळ्या तिळातून होणारा असतो, तो जास्त वाईट. योनीच्या दाराशी असलेल्या ग्रंथीतून होणारा असतो, आणि एक नुसत्या लाल चट्ट्यासारखा दिसणारा, इसब समजून लोक वर्षभर मलम लावतात. हे सगळे दुर्मीळ. “आणि होतो कशाने?” “त्याच्या दोन वाटा. एक विषाणूची, चामखिळीच्या जातीचा विषाणू. तो नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, कुणाला कळतसुद्धा नाही, बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातो, थोड्या जणींमध्ये राहतो. त्या वाटेचा जरा कमी वयात दिसतो. सिगारेट ओढणारीला धोका जास्त, अंगातली ताकद दुसऱ्या आजाराने कमी झालेली असेल तर तिलाही.” मी क्षणभर गुणवंतांना डोळ्यांपुढे आणून बघितलं. हा माणूस चहासुद्धा दुसऱ्या हॉटेलात पीत नाही. मला हसू फुटलं. “तुमची वाट दुसरी,” डॉ. आशा म्हणाल्या, “वय झालेलं, कातडी पांढरी न् पातळ पडलेली, वर्षानुवर्षं खाज. अशा बऱ्याच जणींना कॅन्सर होत नाही, काहींना होतो. म्हणून लक्ष ठेवायचं असतं. तंबाखू?” “सकाळी मिश्री,” मी म्हटलं, “आईपासूनची सवय.” “सिगारेटचं पक्कं माहीत आहे, मिश्रीचं या बाबतीत मला ठाऊक नाही. पण तंबाखूच ती, तोंडाचं वाटोळं करते. सोडा.” “आणि पाणी?” मी विचारलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “कसलं पाणी?” “बोअरिंगचं. खारं.” “पाण्याने नाही होत. अस्वच्छतेनेही नाही, कुणाच्या शापाने नाही. शिवाय हा कुणाला लागत नाही.” मला त्या क्षणी गोदूबाईची आठवण झाली. घरी जाताना मी पिंकीला म्हटलं, उद्या तिच्याकडून चांगले पापलेट घ्यायचे, भाव न करता.

निकाल आला तो तोच होता, कातडीतला, पण अगदी सुरुवातीचा. परळच्या हॉस्पिटलात जाऊन काढून घ्यायचा. आता गुणवंतांना सांगणं भाग होतं, आणि खरं सांगते, कॅन्सरपेक्षा मला त्याचंच भय जास्त वाटत होतं. ते गच्चीवर टाकीच्या सावलीत स्टुलावर बसले होते, पाण्याचा आवाज ऐकत. मी शेजारी पाण्याच्या पाइपावर टेकले. बसायला त्रास होतो म्हणून हल्ली मी टेकतच असे, ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी एक्स्चेंजमधला आवाज काढला, सरळ, न हलणारा. “अहो, ऐका. तो त्रास गेलेला नाही. महिनाभर मी खोटं सांगितलं. तो हाताला नव्हता, पायांमधे होता. तो कॅन्सर आहे, लहान आहे, काढला की निघेल असं डॉक्टर म्हणतात.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, टाकीकडे बघितलं. “पण,” ते म्हणाले, “पाणी तर आलं ना?” लहान मुलाला खाऊ दाखवून काढून घ्यावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. मी म्हटलं, “पाणी आलं हो. पाण्याचा काही दोष नाही, तुमचाही नाही.” त्यांनी टाकीवर हात ठेवला. टाकीत पाणी पडत होतं. मग म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्या ऑफिसात खेपा घालत होतो.” मला आधी हुंदका आला आणि तो बाहेर पडेपर्यंत त्याचं हसू झालं. ते मात्र रडत होते. “मला सांगायचं नाहीस?” “तुम्ही एवढे खूश होतात. माझ्यासाठी पाणी आणलंत.” “अगं, पाणी काय माझ्या बापाचं होतं? सगळ्या बिल्डिंगीचं होतं ते,” त्यांनी धोतराच्या सोग्याने नाक पुसलं, “तू एकटी आहेस.” लग्नानंतर इतक्या वर्षांनी असं काही ऐकल्यावर बाईने काय करावं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी पाइपावरून उठले आणि त्यांच्या टकलावर हात ठेवला. पलीकडच्या बिल्डिंगीतल्या बायका कपडे वाळत घालायच्या थांबून बघत होत्या, मी बघू दिलं.

परळचे दिवस मी वाढवून सांगत नाही. भीती होती, भूल होती, शुद्धीवर आल्यावर तोंडाला कोरड होती आणि शेजारच्या खाटेवरची रायगडची बाई मला धीर देत होती की मी तिला, ते आठवत नाही. पांढऱ्या भागातला तो दाणा आणि त्याच्या भोवतीची कातडी सर्जनने काढली. मूळ खोल गेलेलं नव्हतं, म्हणून जांघेतल्या गाठींना हात लावावा लागला नाही. काढलेल्या तुकड्याच्या कडा तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. डॉ. आशांनी उरलेल्या पांढऱ्या कातडीला लावायला मलम दिलं आणि दर काही महिन्यांनी येऊन दाखवायचं, आयुष्यभर, असं बजावलं. पहिल्यांदा ते मलम लावलं त्या आठवड्यात एक दुपार अशी आली की खाज नाही. मी पुस्तक वाचत होते आणि एकाएकी लक्षात आलं, की आपण बराच वेळ नुसतं पुस्तकच वाचतोय. मिश्रीची डबी मी स्वतः कचऱ्यात टाकली, दोन दिवस सगळ्यांवर खेकसले, तिसऱ्या दिवशी विसरले. गोदूबाई घरी बघायला आली, पापलेट घेऊन, पैसे घेईना. तिला सगळं सांगितलं, कुठे ते सुद्धा, मराठीत. “मंग आमचं पानी निर्दोस सुटलं म्हनायचं,” ती म्हणाली आणि माझ्या गालावरून बोटं फिरवून तिने आपल्या कानशिलावर मोडली.

पण खरी मजा पुढेच होती. टाके भरून यायला डॉ. आशांनी सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळ टबात कोमट पाणी घ्यायचं, त्यात मीठ घालायचं, आणि त्यात बसायचं. हे ऐकून गुणवंतांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. “मीठ? पाण्यात?” “हो, साधं मीठ.” खाऱ्या पाण्यापायी ज्याने चपला झिजवल्या तो माणूस आता रोज सकाळी पाइपाचं गोडं पाणी तापवतो, निळ्या टबात ओततो, त्यात मुठीने मीठ टाकतो, आणि मनगट बुडवून ढवळत राहतो. ढवळून झालं की बोट जिभेवर लावून बघतो. आजही मी भिंतीला धरून उभी होते आणि हे चाललं होतं. “आपल्या बोअरिंगचं याहून खारट होतं,” ते म्हणाले आणि आणखी चिमूटभर घातलं. “अहो, पुरे, मला लोणच्यात घालताय का?” “डॉक्टरांनी सांगितलंय तसंच करतोय मी. तू बस.” ते बाहेर गेले, दार ओढून घेतलं, कडी मात्र लावू दिली नाही. मी हळूच टबात बसले. क्षणभर चुरचुरलं, मग ऊब वर चढत गेली, पोटापर्यंत, पाठीच्या कण्यापर्यंत, आणि माझे डोळे आपोआप मिटले. खाऱ्या पाण्याचा तो ओळखीचा वास आला. दाराबाहेरून त्यांचा आवाज आला, तोच, तसाच आशेने भरलेला, “काय गं, बरं वाटतंय का?” एवढे दिवस याला मी एकाच शब्दात उत्तर दिलं होतं. आता मी नीट श्वास घेतला आणि लाइन खराब असल्यावर काढायचे तो आवाज काढला. “डावीकडचे टाके ओढतायत! पाणी जरा जास्तच गरम आहे! खाज अजिबात नाही! आणि हो, बरं वाटतंय, खूप बरं वाटतंय!” आवाज भिंतींना आपटून डक्टमध्ये गेला आणि वर-खाली सगळ्या मजल्यांवर पोचला असणार, कारण तळमजल्यावर पंढरीनाथांची आरती मधेच थांबली. मग वरच्या मजल्यावरून, साबण लावता लावता असावा, पिंकीचा आवाज खाली आला, “आंटी, नमक बराबर है ना?” “बराबर है!” मी वर तोंड करून ओरडले, “दाल में भी इतना ही डालती हूँ!”